माझ्या लेकीनं कुठं बसायचं

माझ्या लेकीला शी-शू शिकवण्यावरून आमच्या घरात जो धुरळा उडाला, त्याला आता आठ-नऊ महिने झाले. अजूनही कुणी पाहुणा आला की विषय निघतो, आणि सांगणारा तो अशा रंगात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, या घरची सून अगदीच हाताबाहेर गेलेली दिसते. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावं. ज्या गोष्टीवाचून जगातल्या एकाही माणसाचं चालत नाही, तिच्याबद्दल लिहायला मी लाजणार नाही. वाचणाऱ्याला लाज वाटली तर त्यानं पान उलटावं.

आमचं गाव मुरुमजवळ. घरात आम्ही पाच माणसं: सासू, सासरे, नवरा, मी आणि लेक. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा, मग आधीचं नातं असो नसो. मामा शेती बघतात. नवरा उमरग्याला हायवेवरच्या टायरच्या दुकानात कामाला जातो. मी पुढच्या खोलीत मशीन टाकून ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्यामुळं दिवसभर आमच्या दारात बायकांचा राबता असतो. माझं माहेर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, भूम तालुक्यात.

मला बघायला आले तेव्हा पोहे झाले, नाव-शिक्षण विचारून झालं, आणि मग कुणीतरी म्हणालं, "पोरीला काय विचारायचं असंल तर विचारू द्या." हे रीत म्हणून म्हणतात. मुलीनं मान खाली घालून नाही म्हणायचं असतं. मी मान वर करून विचारलं, "घरात संडास हाय का?" माझ्या वडिलांनी छताकडं बघितलं. मध्यस्थाला चहाचा ठसका लागला. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "हाय की. पक्का बांधलेला हाय, सरकारी अनुदानातनं." आणि मोबाईलमध्ये फोटोही दाखवला. निळ्या दाराचा संडास, आणि दारासमोर पांढरी टोपी घालून ताठ उभे असलेले मामा. अनुदान मिळायला तसा फोटो काढून द्यावा लागतो. तो फोटो बघून मी लग्नाला हो म्हटलं. नवऱ्याकडं नीट बघितलं ते नंतर.

नांदायला आले त्या पहिल्याच दिवशी कळलं, निळ्या दाराला कुलूप आहे. आत सरकी पेंडीची तीन पोती, एक मोडका फवारणी पंप, आणि भांड्यावर फळी टाकलेली. "ह्यात कोण जात न्हाय का?" मी आत्यांना विचारलं. आत्या म्हणाल्या, "जातो की. कोण आजारी पडलं, पाव्हणं आलं, तर उघडतो. रोज रोज गेलं तर खड्डा भरतो."

खड्डा भरतो. हे दोन शब्द मी त्यानंतर इतक्या वेळा ऐकले की झोपेतही कुणी म्हटलं तर उठून भांडेन. आमच्या गावात निम्म्या घरांची हीच समजूत. संडास बांधला की तो ठेवणीतल्या साडीसारखा जपायचा, आणि रोजच्याला आपला ओढा आहेच. खड्ड्यात कुणी वाकून बघितलेलं नाही, कुणाचा भरल्याचं कुणी सांगू शकत नाही, पण भरतो म्हणजे भरतो.

पाचव्या दिवशी मी पोती ओढून बाहेर काढली. हातातला हिरवा चुडा त्यात निम्मा फुटला. आत्या म्हणाल्या, "आगं, खड्डा भरंल की!" मी म्हटलं, "भरू द्या." "भरल्यावर कोण उपसणार?" "भरल्यावर बघू." तेव्हापासून मी रोज संडासात जाते. बघून बघून आत्याही जायला लागल्या, पण चोरून गेल्यासारख्या, अगदी अडलं तरच. मामा आणि नवरा मात्र सकाळी टमरेल घेऊन ओढ्याकडं. मी म्हटलं, पुरुषांचं पुरुष बघून घेतील. तिथं माझी चूक झाली.

मी एवढी का हटून बसते ते सांगते. माहेरच्या वाडीत बायकांनी उजाडायच्या आधी जायचं, नाहीतर दिवस मावळल्यावर. मधल्या साऱ्या दिवसाचं काय करायचं हे कुणी सांगत नसे, पण प्रत्येक मुलीला ते माहीत असे. धरून ठेवायचं. मी शाळेत पाणी पीत नव्हते. दप्तरातली बाटली जशी भरून न्यायची तशीच परत आणायची, आणि आई म्हणायची, शहाणी आहे माझी पोर. दहावीच्या परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी होतं. भूगोलाच्या पेपरला तासाभरातच माझी अशी अवस्था झाली की समोरच्या नकाशातली नदी कुठली नि रेल्वे कुठली ते दिसेना. वर्गावर पुरुष मास्तर. त्यांना विचारायला तोंड उघडेना, आणि विचारून उपयोगही नव्हता, कारण मुलींसाठी तिथं काही सोय नाही हे मी सकाळीच बघून ठेवलं होतं. अर्धा पेपर कोरा टाकून मी उठले आणि शाळेमागच्या बाभळींत पळाले. घरी सांगितलं, अभ्यासच झाला नव्हता. वडील दोन दिवस बोलले नाहीत. ढ म्हणवून घ्यायला मी तयार होते, पण खरं कारण सांगायची माझी छाती झाली नाही. त्या वेळच्या माझा मला अजून राग येतो.

लेक झाली तेव्हा मी बाकी काही ठरवलं नाही. शिकेल काय, होईल काय, ते तिचं ती बघेल. एकच ठरवलं, ही धरून ठेवणार नाही. जेव्हा येईल तेव्हा जाईल, आपल्या घरात, दार लावून.

तिला सुरुवातीला वळण लावलं ते मात्र आत्यांनी, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आमच्याकडं बाळ मान धरायला लागलं की त्याला पायावर बसवतात. बाईनं पाय पसरून बसायचं, दोन्ही पावलं जराशी फाकवायची, त्यांवर बाळाला टेकवायचं आणि तोंडानं हळूहळू "सूऽऽ, सूऽऽ" करत राहायचं. आत्यांचे गुडघे धरलेले आहेत, तरी रोज सकाळी दूध पिऊन झालं की त्या मोरीशी पाय पसरून बसत. महिन्या-दोन महिन्यांत लेक त्या आवाजाला बरोबर ओळखायला लागली. शेजारचं तीन वर्षांचं पोर डायपर घालून हिंडताना दिसलं की आत्या मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणत, "पिशवी बांधून फिरतंय बघ बिचारं." लेक चालायला लागली तशा आत्यांनी परसात नालीच्या कडेला दोन विटा मांडल्या. तिनं विटांवर बसायचं, आत्यांनी वरून राख टाकून खोऱ्यानं उचलायचं. मला ते खटकायचं, पण लहान आहे म्हणून मी गप्प होते.

ती अडीच वर्षांची झाली तेव्हा मी म्हटलं, आता संडासात. नवऱ्यानं हौसेनं उमरग्याहून लहान मुलांचं प्लास्टिकचं भांडं आणलं. गुलाबी, पुढं बदकाचं तोंड, वर झाकण. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेले तर ते बदक मांडणीवर, आणि आत काठोकाठ तूरडाळ. आत्या म्हणाल्या, "झाकण लई घट्ट हाय, मुंगी शिरत न्हाय." मी ओरडले, "आत्या, शीचं भांडं हाय ते!" आत्या थंडपणे म्हणाल्या, "मग अजून कोण बसलंय त्यात? नवं करकरीत हाय की." डाळ आम्ही धुऊन खाल्ली. पण त्या बदकाचा मान एकदा वाढला तो वाढलाच. ज्यात डाळ ठेवली त्यात पोरीनं शी करायची, हे आत्यांच्या डोळ्यांदेखत आता होणं शक्य नव्हतं. मी चिडून ते माळ्यावर टाकलं. म्हटलं, मध्ये हे बदक नको नि काही नको, एकदम संडासच.

लेकीच्या मनात मात्र वेगळंच होतं. मामा तिचे सगळ्यात लाडके. ते जेवतील तेव्हा ती जेवणार, ते आडवे झाले की तीही शेजारी आडवी होणार. मामा सकाळी टाकीवर टमरेल भरायला लागले की ही रंगाची एक रिकामी डबी घेऊन शेजारी हजर. डबीत घोटभर पाणी घ्यायचं आणि मामांच्या मागं मागं फाटकापर्यंत जायचं. "आज्जा लानात, मी बी लानात." लानात म्हणजे रानात. सगळी गल्ली हसायची. मामा तिला फाटकातून परत पाठवत. एका सकाळी परत पाठवलंच नाही. दोघं ओढ्याकडून बोटाला बोट धरून आले, दोघांचीही भांडी रिकामी, आणि मामा आत्यांना कौतुकानं सांगायला लागले, "बांधाच्या आड एकटी बसली बरं का! काय रडली न्हाय, काय न्हाय."

माझं डोकं फिरलं. मी परसातल्या दोन्ही विटा उचलून भिंतीपलीकडं टाकल्या. फाटकाला वरची कडी लावली, आणि कुणाकडं न बघता पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आजपासनं ही संडासात बसंल. दुसरीकडं कुटंच न्हाय. हिला भाईर नेलं तर माझ्याशी गाठ हाय."

आणि मी तिला बसवायला लागले. मोठ्या माणसांसाठी केलेलं ते भांडं. त्याच्या दोन बाजूंना तिचे पाय पोचायचे ते ताणून. आत उजेड कमी, खाली काळं भोक. ती माझ्या गळ्याला मिठी मारायची, मी ती सोडवून तिला खाली बसवायची. रडायला लागली की म्हणायची, "रड. पण हितंच बसायचं." पाच मिनिटं, दहा मिनिटं. उठवायचं, तासाभरानं परत बसवायचं. शू व्हायची कशीबशी. शी नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी तिनं रडणंही सोडलं. मला वाटलं, जमलं. चड्डी कोरडी, कपडे स्वच्छ, पोरगी शांत. ब्लाउज टाकायला आलेली एक बाई म्हणाली, "लई शहानी हाय वो तुमची," आणि मी हसून हो म्हटलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी मशीनवर बाह्या जोडत होते. पायाखाली धागा गुंतला म्हणून वाकले, तर मशीनच्या मागच्या कोपऱ्यात लेक उभी. भिंतीला टेकलेली, एका पायावर दुसरा पाय घट्ट दाबलेला, मुठी आवळलेल्या, कपाळावर घाम. रडत नव्हती. मी विचारलं, "काय झालं गं?" ती म्हणाली, "काय न्हाय." अडीच वर्षांची पोर मला काय न्हाय म्हणाली. तसं उभं राहणं मला चांगलं ओळखीचं होतं. मी सोळा वर्षांची असताना तशीच उभी राहायचे. मी तिच्या पोटाला हात लावला तर ते दगडासारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपनं उमरग्याला गेलो. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवून पोट दाबून बघितलं, आणि मग एकेक विचारायला लागल्या.

"किती दिवस झाली नाही?"

"आज पाचवा."

"बसवतं कोण?"

"मी."

"रडते का?"

"रडायची. आता न्हाय रडत."

त्या लिहिता लिहिता थांबल्या. "धरून ठेवायला शिकलीय ती," त्या म्हणाल्या. "मुलाला भीती बसली की ते धरून ठेवतं. मग कडक होतं, दुखतं, आणि दुखतं म्हणून आणखी धरतं. औषध देते, महिनाभर चालू ठेवा. पण आधी तुम्ही बसवणं बंद करा. जिथं बसेल तिथं बसू द्या."

मला अशी लाज वाटली की टेबलाखाली जावंसं वाटलं. जे माझ्या आईनं मला एका शब्दानं न बोलता शिकवलं होतं, ते मी हिला हाताला धरून शिकवलं होतं. एकच गोष्ट ठरवली होती मी या पोरीसाठी, आणि तिच्या नेमकी उलटी करून बसले होते.

पण परतीच्या जीपमध्ये मी रडले नाही. लेक मांडीवर झोपली होती, आणि मला राग येत होता. आधी स्वतःचा आला. मग मुरुमच्या जवळ येईपर्यंत तो जिथं जायला हवा होता तिथं गेला. घरातली तिची लाडकी माणसं ज्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, त्या खोलीत मी एकट्या तिला नेऊन बसवत होते. आज्जा मोकळ्या रानात, बाबा मोकळ्या रानात, आजी जमलं तर कधीतरी, आणि ही एवढीशी अंधारात. तिला ती शिक्षाच वाटणार. मलाही वाटली असती.

घरी आल्यावर भिंतीपलीकडून विटा शोधून आणल्या आणि माझ्या हातांनी नालीच्या कडेला परत मांडल्या. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "आता कसं," म्हणाल्या. मी गिळलं. औषधानं दुसऱ्या दिवशी दुपारी काम झालं. लेक इतकी कळवळून रडली की गल्लीतल्या बायका दारात आल्या. आत्यांनी विटांपुढं मातीत बसून तिचे दोन्ही हात धरले आणि "सूऽऽ, सूऽऽ" करत राहिल्या, तान्ह्या बाळाला करतात तसं.

त्या संध्याकाळी मामा बाजेवर बसून चहा पीत होते. नवरा नुकताच दुकानातून आला होता. मी डोक्यावर पदर घेतला, हे मुद्दाम सांगते, पदर घेतला आणि मामांसमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, एक बोलायचंय. ही तुमच्या मागं मागं करती. तुमी जिथं जाल तिथंच ही जाणार. हिला संडासात बसवायचं असंल तर आधी तुमाला बसावं लागंल."

मामांच्या हातातली बशी तोंडापाशीच थांबली. सून सासऱ्याशी पाऊसपाण्याचं बोलते, जेवायला वाढू का विचारते. हे बोलत नाही. मामांनी बशी खाली ठेवली, टोपी घातली आणि घराबाहेर पडले.

आत्या माझ्यावर धावून आल्या. "सासऱ्याला हागायला शिकिवतीस व्हय? ह्या वयात?"

"व्हय," मी म्हटलं.

नवरा मामांना दादा म्हणतो. तो म्हणाला, "दादांना असं बोलत्यात व्हय? काय वाटलं असंल त्यांना?"

"तुमालाबी तेच सांगतेय. तुमीबी ओढ्याकडं जायचं बंद करा."

"आगं पण पाच मान्सं रोज गेली तर सा महिन्यांत खड्डा भरंल!"

पाच वर्षं ऐकत होते ते मी. त्या क्षणी काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "उद्या उघडूनच बघू."

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. नवरा उठायच्या आधी मी पहार घेऊन संडासामागं गेले आणि सिमेंटच्या झाकणाखाली टोक घातलं. माझ्यानं ते हलेना. आवाजानं नवरा आला, डोळे चोळत म्हणाला, "सरक बाजूला, बोट चेमटंल." बडबड करत का होईना, त्यानंच झाकण उचकटलं. वास जावा म्हणून आम्ही ते तसंच उघडं ठेवून लांब उभे राहिलो. तोवर दोन्हीकडच्या भिंतींवर शेजाऱ्यांची डोकी दिसायला लागली होती. आत्या पदरानं नाक दाबून पुटपुटत होत्या, "काय दिवस आलं, काय दिवस आलं." आणि नेमके तेवढ्यात मामा ओढ्याकडून टमरेल घेऊन परत आले.

ते फाटकातच थांबले. सगळा देखावा बघितला. मग टमरेल भिंतीला ठेवलं, गोठ्यात गेले आणि चिंचा पाडायचा लांब बांबू घेऊन आले. विहिरीचं पाणी मोजायला ते दर उन्हाळ्यात सोडतात तसाच बांबू त्यांनी खड्ड्यात उभा सोडला, वर काढला, टोकाकडं बघितलं. विश्वास बसला नाही म्हणून दुसऱ्या कडेला परत सोडला.

"हातभर," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग आणखी वाकून बघत म्हणाले, "येवढी वर्सं झाली. अन् हातभर?"

खड्ड्याच्या विटांत फटी ठेवलेल्या असतात. पाणी जमिनीत मुरून जातं, राहतं त्याची वाळून माती होते. हे बांधणाऱ्या गवंड्यानं तेव्हाच सांगितलं असणार, पण फोटोच्या गडबडीत ऐकलं कुणी? मी हसू लपवलं नाही, आणि ते मामांनी बघितलं.

लगेच काही बदललं नाही. चार दिवस मामा माझ्याशी बोलले नाहीत आणि रोज ओढ्याकडं गेले. मीही ताट वाढताना एक शब्द बोलले नाही. बघू कोण आधी थकतं, म्हटलं. लेक विटांवर बसत होती, कधी रडत, कधी एक दिवस चुकवून. मी तिला काही म्हणायचं सोडलं होतं.

पाचव्या सकाळी मामांनी टाकीवर टमरेल भरलं. लेक डबी घेऊन मागं. फाटकापाशी पोचल्यावर मामा थांबले. रस्त्याकडं बघितलं, खाली लेकीकडं बघितलं, आणि वळले. तशाच चालीनं परस ओलांडून निळ्या दाराशी आले, आत गेले आणि कडी लावली. लेक हातात डबी घेऊन बंद दाराकडं बघत राहिली. मग पायरीवर बसली. थोड्या वेळानं तिनं दारावर थाप मारली. "आज्जा, झाली?"

आतून काही नाही.

"आज्जा, झाली का?"

आतून खोकल्याचा आवाज.

"आज्जाऽ!"

"होऊ दे की गं माझे आई!" मामा आतून ओरडले, आणि मी, आत्या, नवरा, तिघंही तोंड दाबून तीन दिशांना पळालो. मामा बाहेर आले ते कुणाच्या नजरेला नजर न देता. पण दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही.

आठवड्यानं लेक म्हणाली, आता माझा नंबर. मी जागची हलले नाही. मामाच तिला घेऊन गेले. दार उघडं ठेवलं, आणि स्वतः बाहेर तोंड करून, हात मात्र मागं तिच्या हातात देऊन उभे राहिले. पाय पोचत नाहीत हे आत्यांनी ओळखलं आणि नालीच्या कडेच्या त्या दोन विटा आत नेऊन भांड्याच्या दोन बाजूंना बसवल्या. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. नवऱ्याला वळायला आणखी महिना लागला, पण मी त्याचे लेकीसारखे लाड केले नाहीत.

मला वाटलं, जिंकले. पण एका गोष्टीची धास्ती मनातून जात नव्हती. संडास मिळाला म्हणजे धरून ठेवणं संपतं असं नाही. घरात संडास असलेल्या बायकाही पाहुणे बसलेत म्हणून तासन्‌तास उठत नाहीत, हे मी रोज बघते. मीही त्यातलीच. पुढच्या खोलीत पुरुष असेल तर मी त्याच्या समोरून परसाकडं जात नाही, मशीनवर बसून राहते. कोपऱ्यात उभी राहून काय न्हाय म्हणालेली लेक माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. पुन्हा कधी ती तसं म्हणेल, आणि ते आम्हाला कळणारही नाही.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. ब्लाउजची घाई, पुढच्या खोलीत सहा-सात बायका, आणि दारात एकीचा मुलगा आईला न्यायला येऊन थांबलेला. मी एका बाईच्या अंगावर माप जुळवत होते, तोंडात टाचण्या धरलेल्या. आत्या उंबऱ्याशी शेंगा फोडत होत्या. लेक खेळता खेळता उठली आणि खोलीच्या मधोमध उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, मला शी आली! मी चालले!"

बायका हसल्या. गल्लीतली एक म्हातारी मात्र दाराकडं बघत दबक्या आवाजात म्हणाली, "हळू गं बाय. पोरीच्या जातीनं असं वरडू न्हाय. बाप्या मान्सं हायती भाईर."

लेक थांबली. दारातल्या मुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिचं तोंड मिटलं. हात फ्रॉकच्या टोकाशी गेला. तोंडात टाचण्या, मला बोलता येईना. मी त्या काढायला हात वर नेला, तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला.

"वरडू दे की तिला," आत्या म्हातारीला म्हणाल्या. हातातली शेंग तशीच होती. "माझ्या लग्नात म्या दोन दिस पान्याचा घोट घेतला न्हवता, का तर उठावं लागंल म्हनून. तुमीबी तसंच केलं असंल. आमी गप बसलो सारा जल्म, काय भलं झालं आमचं?"

आत्यांनी लेकीकडं मान वळवली.

"जा गं. आन् जाताना पुन्यांदा सांगून जा. मोठ्यानं."

लेकीनं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, आणि पळाली.